तीन नावं

१५ नोव्हेंबर १९७६, सोमवार

तीन केसेस! महिनाअखेरपर्यंत प्रत्येक शिक्षकानं नसबंदीसाठी तीन माणसं आणायची. मुख्याध्यापक नानासाहेबांनी कागद वाचून दाखवला आणि लगेच घडी घालून खिशात कोंबला. मी विचारलं, "नाही आणली तर?"

म्हणाले, "आशाबाई, असं मोठ्यानं विचारू नका."

मोठ्यानंच विचारलं होतं!

आज उपास. खिचडी ताटात तशीच राहिली.

१६ नोव्हेंबर

गंमत म्हणजे ऑपरेशनला माझा विरोध नाही. दुसऱ्या पोरीनंतर मी स्वतः करून घेतलं. सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत – देवाच्या कामात हात घालतेस म्हणाल्या. मी सोमवार धरते, खडकेश्वराच्या देवळात जाते, आणि वर्गात पुनरुत्पादनाचा धडा एकही ओळ न गाळता शिकवते. देवानं अक्कल दिली ती वापरायलाच, असं मी मानते. पण निर्णय माझा होता. मला कुणी गाडीत घालून नेलं नव्हतं!

१९ नोव्हेंबर

शाळेमागच्या गल्लीत युसूफभाईंकडे गेले. हिमरू शाली विणायच्या मागावर काम करतात. पाच लेकरं, थोरली माझ्या वर्गात. नाव लिहायला नाही, समजावायला गेले. खडूनं फरशीवर आकृती काढली. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, "बाई, तुमचं दिमागाला पटतंय. पण औलाद देणारा वरचा हाय. नको म्हणणारा मी कोण?"

"ठीक आहे. तुमची मर्जी."

त्यांना खरं वाटेना. "म्हणजे नाव लिहिणार नाय?"

"नाही."

त्यांची बायको राहत चहा घेऊन आली. ठेवला, आत गेली. लई गोड होता.

२३ नोव्हेंबर

कॅम्प आमच्याच शाळेत! फाटकावर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. प्रयोगशाळेत खाटा टाकल्या, माझी टेबलं भिंतीला लावली. जिथं पोरांना "पुरावा दाखव, मगच बोल" म्हणून शिकवते, तिथं!

आमचे हे म्हणतात, "कुणाची तरी तीन नावं दे अन् मोकळी हो. आणीबाणीचे दिवस आहेत. लोकांना कारण न सांगता उचलतात." पेपरात एक ओळ नाही. रेडिओ म्हणतो, सगळं सुरळीत.

नावं म्हणजे माणसं असतात की!

२५ नोव्हेंबर

आजचं सगळं लिहून ठेवणार.

तिसऱ्या तासाला राहत धावत वर्गात शिरली. पायात चपला नाहीत. "बाई, शफीकला चौकातून गाडीत घातलं!" शफीक तिचा दीर. बावीस वर्षांचा. लग्न ठरलंय, झालेलं नाही.

प्रयोगशाळेत गेले. तो रांगेत शेवटून दुसरा. हातातल्या कागदावर – वय चाळीस, मुलं चार! वरून आलेले साहेब खुर्चीत बसलेले.

"याचं लग्नसुद्धा झालेलं नाही," मी म्हटलं.

"बाई, तुमच्या तीन केसेस कुठं आहेत?"

"एकही नाही. आणणारही नाही."

"सरकारी कामात अडथळा आणताय. परिणाम माहीत आहेत ना?"

मी डॉक्टरांकडे वळले. "तुम्ही सांगा. हा चाळीस वर्षांचा दिसतो?" डॉक्टरांनी मान खाली घातली. हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

मी शफीकचा दंड धरला आणि चालू लागले. पाठीमागून आवाज आला, "पोरी, मलाबी ने की." पुंजाराम नावाचा म्हातारा. सत्तरीचा! त्याचाही हात धरला. मग सगळी रांगच उठली. दारात शिपाई होता. तो बाजूला झाला.

घाबरले होते. अजून घाबरलेलीच आहे. पण असं ताठ आयुष्यात कधी चालले नव्हते.

२७ नोव्हेंबर

नानासाहेब घरी आले. माफीचा मजकूर टाइप करूनच आणलेला – "गैरसमजातून माझ्या हातून घडले." म्हणाले, "सही करा बाई, पाया पडतो. मलाही पोरंबाळं आहेत." वाईट वाटलं त्यांचं. पेन घेतलं, तो मजकूर खोडला आणि खाली लिहिलं – "समजून-उमजून केले. वेळ आली तर पुन्हा करीन." सही ठोकली.

त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. मग जाताना हळूच म्हणाले, "अक्षर छान आहे तुमचं."

३० नोव्हेंबर

निलंबित.

४ डिसेंबर

गल्लीतून गेले तर माणसं उठून उभी राहतात. युसूफभाई म्हणाले, "बाई, आमच्या घराची इज्जत राखली तुम्ही." आमचे हे अजून नीट बोलत नाहीत. नका बोलू! मर्जी म्हणजे काय ते या शहरात मला एकटीला कळलंय, असं वाटत होतं आज.

७ डिसेंबर

राहत एकटीच आली. आत ये म्हटलं तर उंबऱ्यातच थांबली.

"बाई, सहावं मागच्या महिन्यात पोटातच गेलं. घरात कुणाला सांगितलं नाय. मला आप्रेशन करायचंय. साहेबानं गडी मोजले. तुम्ही त्यांची मर्जी विचारली. मला कुणी विचारलंच नाय. तुम्हीबी नाय."

पायात चपला सरकवल्या आणि तिच्याबरोबर दवाखान्यात निघाले.