चहाबरोबरची पुडी

७ जाने. ७४, सोम. कोयनानगर
काल सांगलीहून परत. सुमनला विश्रामबागेत तिच्या भावाकडे ठेवलं. पायांची सूज थोडी उतरलीय. डॉक्टर म्हणाले, दोन्ही मूत्रपिंडं दुखावलीत. डोकेदुखीची पुडी रोज, वर्षानुवर्षं, त्यानं. आता एकही चालणार नाही; उरलंय तेवढं सांभाळायचं. पुडीवरचं इंग्रजी डिक्शनरी घेऊन वाचलं, दोनदा. मूत्रपिंडाबद्दल एक अक्षर नाही.
तिचं लुगडं अजून दोरीवर. काढलं नाही.

८, मंगळ.
भाकरी कडेला कच्ची. ती असती तर म्हणाली असती, "मशीन जुळीवता, भाकर जुळंना व्हय?" शाळेविना फिटर झालो याचं तिनं कधी कौतुक केलं नाही. तरी तिचंच बोलणं ऐकावंसं...

१०, गुरु.
मेहुण्याचा फोन, ऑफिसात. पुडी बंद झाल्यापासून हिचं डोकं जास्तच दुखतंय, भांडते. संक्रांतीला घरी न्या म्हणते. न्यावंसं मलाही वाटतं. पण दुपारी कॉलनीतल्या बायका जमतात, चहा होतो, आणि बशीत प्रत्येकीची पुडी. पान द्यावं तशी.

११, शुक्र.
आजवर कुणापुढं शब्द टाकला नाही. आज टाकला. शेजारच्या पारूवहिनींना म्हटलं, सुमनला पुडी देऊ नका. हसल्या. "आवं भावजी, एवढ्याशा पुडीनं काय हुतंय? आमी समद्याच घेतोय की."
सूज कुठवर चढली होती ते सांगितलं. वहिनींनी स्वतःचा घोटा दाबून बघितला. मग म्हणाल्या, "तिला न्हाई द्यायची. पर आमच्या हातात दिसली तर? आमाला बी डोकी हायत."


१३, रवि. सांगली
सकाळच्या गाडीनं आलो. हिच्या बांगड्या कोपराकडं सरकतात. कपाळाला फडकं घट्ट. सांगितलं, वहिनींनी कबूल केलंय.
"त्यांनी केलंय. मी कुठं केलंय? तितं गेल्यावर मी मागून घीन. माझं मला ठावं हाय."
घर लय आठवतं म्हणाली.  
"दुपारी तुमी असता का घरी?"
नसतो. म्हटलं, पाळी बदलून मागतो साहेबांकडं. माझ्याकडं बघत राहिली. मी कुणाकडं काही मागत नाही, हे तिला माहीत.
मग तिनं पत्र्याची पेटी काढायला सांगितली. कपडे भरते, बाहेर काढते, पुन्हा भरते. गाडीला अजून वेळ आहे.