बाहीवरून घेतलेलं माप

६ डिसेंबर

सौ. ताईस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र सामानाच्या गाडीबरोबर आलं. इथे फोन लागत नाही, हे तुला दर वेळी नव्याने सांगावं लागतं. गाडी आठवड्यातून एकदा येते. पोषक आहाराची खोकी, लशींच्या पेट्या आणि तुझा राग घेऊन. उत्तराला उशीर झाला तर दोष गाडीला दे.

काम वाढलंय. वस्तीत गोवराची साथ येऊन गेली आणि साथीनंतर मुलं वजनाने उतरतात. केंद्राचं दार उघडायच्या आधीच रांग लागलेली असते. मी दंड मोजते, वजन घेते, पाय बघते. मग कोणाला आहाराची पाकिटं देऊन घरी पाठवायचं आणि कोणाला ठेवून घ्यायचं ते मोठ्या बाई, म्हणजे आमच्या परिचारिका, ठरवतात. त्यांची तक्रार अशी की मी मुलांशी एक अक्षर बोलत नाही, नुसती मोजते. मी म्हटलं, मुलंही माझ्याशी बोलत नाहीत, फिट्टंफाट.

आता तुझ्या ढब्बूबद्दल. तू लिहिलंस की ती हल्ली फार शहाणी झालीय, दिवसभर पडून असते, रडतसुद्धा नाही. पुढच्या पानावर लिहिलंस की सहाव्या महिन्यातली झबली दहाव्या महिन्यात पुन्हा बसतायत, म्हणून नवी घ्यावी लागली नाहीत. आणि शेवटी, जाता जाता, की पोट बिघडल्यापासून सासूबाईंनी घट्ट खाणं बंद करून तिला डाळीच्या पातळ पाण्यावर ठेवलंय. मी ही वाक्यं एकाखाली एक ठेवून वाचली. मला ती आवडली नाहीत.

सोबत कागदी पट्टी पाठवतेय. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, डाव्या दंडाभोवती गुंडाळायची. आवळायची नाही, सैल सोडायची नाही. पट्टीवरच्या छोट्या खिडकीत हिरवा रंग दिसला तर ठीक, पिवळा दिसला तर सांभाळायचं, लाल दिसला तर डॉक्टर. आणि जुलाब होत असले तरी खाणं बंद करायचं नसतं. थोडं थोडं द्या, पण नेहमीचं द्या.

भावोजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची गरज नाही. रंग मात्र लगेच कळव.

तुझी धाकटी

९ डिसेंबर

चि. फूटपट्टी हिस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझं पाकीट नेमकं सासूबाईंच्या हाती पडलं. ही रंगीत पट्टी कशाची, म्हणून त्यांनी विचारलं. ह्यांनी भोळेपणाने सांगून टाकलं की उपाशी मुलांना मोजायची. संध्याकाळपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचंही काय चुकलं गं? आमच्या घरात फ्रीजचं दार लागत नाही इतकं सामान असतं. तुझ्या वस्तीतल्या मुलांना खायला मिळत नाही म्हणून ती सुकतात. इथे ढब्बूच्या मागे वाटी घेऊन फिरणारं अख्खं घर आहे. तुला सगळीकडे तुझी रांगच दिसते.

तरी तुझा मान राखला आणि मोजलं. हिरवा! चांगला ठसठशीत हिरवा. इतकी थंडी पडलीय की बाळाला उघडं करायची सोय नाही. महिनाभर आंघोळसुद्धा घालत नाही, दुलईत हात घालून नुसतं पुसून काढतो. म्हणून स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टी लावली. आत दुसराही स्वेटर होता, पण पट्टी छान बसली. सासूबाईंनी ती आल्यागेल्याला दाखवायला कपाटात ठेवलीय.

आणि बारीक झाली म्हणशील तर तिचे पाय बघ. असे गुबगुबीत झालेत की ह्यांनी आणलेले बूट चढेनात. गालही वर आलेत. हे म्हणतात, पोरगी नावाला जागली. पोट अधूनमधून बिघडतं, पण ते दातांमुळे. खाण्याचं तू लिहिलंस ते मी बोलून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, मुलं त्यांनी वाढवलीत, तू मोजलीस.

तू जरा माणसांत ये. उद्या कोणी लग्नाचं विचारलं तर आधी त्याचं वजन मागशील. रागावू नकोस, रागावलीस तरी पत्र लिहायचं चुकवू नकोस.

तुझी ताई

१३ डिसेंबर

ताई,

मायना राहू दे. गाडीचं इंजिन चालू आहे.

बाहीवरून घेतलेलं माप स्वेटरचं असतं. ते विसर. पाय बघ. दोन्ही पावलांवर वरच्या बाजूने अंगठा दाबून धर, सावकाश तीन आकडे मोज आणि उचल. खड्डा तसाच राहिला तर ते बाळसं नाही, सूज आहे. मग दंडावर कुठलाही रंग येवो, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं. दातांचं कारण कोणाकडून ऐकून घ्यायचं नाही.

घाबरून एकदम भरवू नका. अशा शरीराला एकदम दिलेलं अन्न झेपत नाही, रुग्णालयात ते मापाने देतात. अंगावर पाजत असशील तर पाजत राहा. वाटेत तिला छातीशी धरून ऊब दे.

असे पाय असलेल्या मुलांना मोठ्या बाई घरी पाठवत नाहीत. याहून जास्त लिहीत नाही.

हे पत्र तुला उशिरा मिळेल. म्हणून आमच्या चालककाकांकडून सगळं तोंडपाठ करून घेतलंय. शहराजवळ फोन लागायला लागला की ते भावोजींना फोन करतील. ते ओरडून बोलतात, मनावर घेऊ नका.

धाकटी

१८ डिसेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

रुग्णालयाच्या बाकावर, मांडीवर कागद ठेवून लिहितेय. अक्षर समजून घे.

तुझ्या काकांचा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. नाव नाही, गाव नाही, थेट ह्यांना हुकूम की उठा आणि मुलीचे पाय दाबा. आधी ह्यांना वाटलं कोणीतरी चेष्टा करतंय. मग तुझं नाव निघालं. ह्यांनी मोजा काढला, दाबलं, आणि नुसते बघत राहिले. तिकडून विचारणा चालूच होती की खड्डा राहिला का नाही, एका शब्दात सांगा. हे राहिला म्हणाले. त्यावर काकांनी सांगितलं की निघा, आणि दार बाहेरून लावल्याचा आवाज ऐकल्याशिवाय ते फोन ठेवणार नाहीत. खरंच ठेवला नाही गं. सासूबाई उष्ट्या हाताने जिना उतरल्या.

डॉक्टरांनी बाही वर केली आणि त्यांची पट्टी लावली. लाल. एवढासा दंड. रोज त्याच हातात मी बाही घालत होते. बघितलाच नव्हता.

पहिले दोन दिवस कोणी आम्हाला धड काही सांगत नव्हतं. अंग गार पडत होतं, रक्तातली साखर उतरत होती. नाकातून नळी घालून थोडं थोडं दूध चाललंय. सासूबाईंनी पदराआड डबा आणला होता, परिचारिकेने काढून घेतला. त्या डब्यासाठी रडल्या की कशासाठी, मी विचारलं नाही. आज सूज जरा कमी आहे. डॉक्टर म्हणाले, हा आठवडा अजून धोक्याचा.

लोक भेटायला येतात. घरात ठरलं होतं की ताप आला असं सांगायचं. काल ह्यांच्या साहेबांच्या पत्नी आल्या, कसला ताप म्हणून खोदून विचारायला लागल्या. माझ्या तोंडून निघून गेलं की ताप नाही, कुपोषण. हे खिडकीबाहेर बघायला लागले. त्या बाई घाईघाईने म्हणाल्या की तुमच्यासारख्यांच्या घरात असं कसं होईल. त्यावर सासूबाईंनी, कोणी विचारलं नसताना, सांगितलं की पातळ पाण्यावर मी ठेवलं होतं.

मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघी एवढ्या वर्षांत असं कधी बसलो नव्हतो.

तू ये म्हणत नाही, तुझी रांग मोठी आहे. पण ये.

तुझी ताई

२० डिसेंबर

सौ. ताईस,
नमस्कार.

पत्र मिळालं. काका गाडीतून उतरले आणि खोकी उतरवायच्या आधी त्यांनी मला विचारलं की मुलगी कशी आहे. मी त्यांना ती भाची असल्याचं सांगितलं नव्हतं, एक केस आहे एवढंच म्हटलं होतं. ते म्हणाले, केससाठी तुम्ही माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं नसतं. मी खोकी मोजायला लागले.

सूज उतरताना वजन कमी झालेलं दिसेल. घाबरू नका, ते पाणी जातं. भूक परत आली की डॉक्टर आहार बदलतील. ती चमच्याकडे स्वतःहून तोंड नेते का, तेवढं बघत राहा. सासूबाईंना सांग, भरवायचं काम पुढे पुष्कळ आहे आणि ते त्यांच्याशिवाय होणार नाही. त्यांना दोष देणारं पत्र मी लिहिलं होतं, ते पाठवलं नाही.

फोन आणि तुझं पत्र यांच्या मधल्या दिवसांत मी रांगेतल्या प्रत्येक मुलाचे पाय दोनदा दाबले. रांग सरकेना. मोठ्या बाईंनी विचारलं की हे काय चाललंय. मी म्हटलं, नियम आहे. नियम एकदाच दाबायचा आहे, हे त्यांनीच मला शिकवलंय. दुपारी त्या स्वतः माझ्या जागेवर बसल्या आणि मला म्हणाल्या, तू जाऊन ये.

म्हणून येतेय. हे पत्र आजच्या गाडीने जाईल, पुढच्या गाडीने मी. आल्या आल्या मला बोलायला लावू नकोस आणि तिला लगेच माझ्या हातात देऊ नकोस. मी आधी तिचे पाय बघेन. दोनदा बघेन. मग जवळ घेईन.

तोवर तुमचा सगळ्यांचा लोभ तिच्याकडे असू दे.

तुझी धाकटी