हेन्रिकनं पाठवलेली दुरुस्ती

ताम्पेरे, मंगळवार

प्रिय बाबा,

पेपरात काहीही छापून येवो, माझी नोकरी शाबूत आहे. गुडघा कसा आहे?

तुमचं गायनमंडळ तालमींसाठी वापरतं तो आमचा प्रोग्राम सगळ्यांना खुला आणि फुकट आहे; कुणीही त्याची नक्कल घेऊन बदल करू शकतं. निम्मा आम्ही पगारी लोकांनी लिहिला, निम्मा हौशी मंडळींनी. पण नवा भाग फक्त पैसे भरणाऱ्यांनाच द्यायचा, असं मालकानं, हेन्रिकनं, ठरवलं. मग हौशी मंडळींनी नियमानुसार सगळ्याची नक्कल घेऊन वेगळी चूल मांडली.

शुक्रवारी ऑफिसच्या सौनात वाफ घेतानाही हेन्रिक नुसता धुमसत होता. "माझ्याच घरातली भांडी नेली," म्हणाला.

काल कळलं, त्या नकलेत चूक दिसली म्हणून यानंच ती दुरुस्त करून त्यांना पाठवली, स्वतःच्या नावानं. तिकडचं काम बघणाऱ्या पिर्कोबाईंनी ती स्वीकारून खाली लिहिलं, "काम चांगलं आहे. येत जा."

"हे काय?" मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "चूक दिसली. मग काय तशीच ठेवायची?"

पगार थोडा लांबेल म्हणतात. कॉफी मात्र चालू आहे.

आत्ता तो पिर्कोबाईंशी फोनवर बोलतोय. दार लावलंय, पण हसणं बाहेर ऐकू येतंय.

बर्फात फिरायला जाणारच असाल तर काठी घ्या.

तुमची,
तूलिया