घाटातली डबल लाइन

५ मार्च २००५
आजपासून नो टाइमपास. आमच्या पतसंस्थेचे चेअरमन हौशीराम अण्णा म्हणाले, यात्रेच्या दिवशी सगळ्या डायरेक्टरांसमोर टेस्ट दाखव. पास झाली तर पर्मनंट. प्लॅन सिंपल. नारायणगाव ऑफिसातला डिस्कांचा रॅक आणि येडगाव शाखेतला रॅक फायबरने जोडायचे. सगळा डेटा दोन्हीकडे. आणि लाइनी दोन, वेगवेगळ्या रस्त्यांनी. एक तुटली तरी दुसरी चालू. याला रिडंडन्सी म्हणतात. इथे कुणाला म्हणताही येत नाही.

९ मार्च
पहिली लाइन बैलगाडा शर्यतीच्या घाटातून, म्हणजे यात्रेत गाडे पळतात त्या धावपट्टीतून. जागा गावची, परवानगीचं झंझट नाही. शिपाई भिकामामा म्हणाले, साहेब, घाटातनं कशाला, यात्रा आलीय तोंडावर. यात्रा हा आयटीचा विषय नाही. ही माणसं प्रत्येक गोष्टीत बैल आणतात. शी!

१४ मार्च
दुसरी लाइन गेणभाऊंच्या बांधावरून न्यायची. गेलो. गेणभाऊ म्हणाले, पावणं, ह्या बांधापायी भावासंगं कोर्टात हाय मी. कुदळ लावली तर तुमाला बी पार्टी करीन. वर चहा पाजला. त्यात साय. किळस! प्यायलो. डिप्लोमसी.

१५ मार्च
त्यांच्या भावाकडे गेलो. तोही तेच म्हणाला. साय जास्त.

१८ मार्च
आयडिया! दुसरी केबलही घाटातल्याच चरात टाकली. चर आयता होता. पण पहिली नारिंगी, दुसरी काळी. कंपन्याही वेगळ्या. म्हणजे टेक्निकली इंडिपेंडंटच. वेगळा रस्ता वगैरे पुस्तकी फॅड.

२ एप्रिल
सुरू! नारिंगी काढली, काळीवर चालू. काळी काढली, नारिंगीवर चालू. मी जीनियस आहे. अण्णांना दाखवलं. त्यांनी विचारलं, सगळं दोन्हीकडं दिसतंय, मंग ठेवी डबल झाल्या का? आणि हे चेअरमन!

२१ एप्रिल
भिकामामा परत. म्हणे दरसाल यात्रेआधी घाट नीट करत्यात, जेसीबी यायचाय. मी सांगितलं, मामा, लाइनी दोन आहेत. ते मान हलवत चहा आणायला गेले. नॉलेज गॅप.

२३ एप्रिल, सकाळी
यात्रा. काल दिवसभर शर्ट शिवून घेण्यात गेला. आज इतिहास.

दुपारी
डायरेक्टर फेट्यांत, भंडाऱ्यात, घामाच्या वासात. सर्व्हर रूमचं दार उघडलं. स्क्रीनवर दोन्ही लाइनी लाल. अजून मी एकही काढली नव्हती.
जेसीबी काल संध्याकाळीच घाटातून फिरला. नारिंगी आणि काळी, दोन्ही एकाच बकेटमध्ये. पाठवला कुणी? अण्णांनी. त्यांच्या बैलांच्या पायाला खडा लागू नये म्हणून!
अण्णा म्हणाले, राव, एक तुटली तर दुसरी चालती म्हणला व्हता. दोन्ही तुटल्यावर काय चालतंय? एक डायरेक्टर म्हणाले, मंग तिसरी टाका की. माझ्या तोंडून निघून गेलं, चरात जागा आहे.
सगळे घाटात बैलगाड्यांची बारी बघायला निघून गेले.

२६ एप्रिल
पर्मनंट नाही. ऑर्डर अशी की रोज डेटाची टेप काढायची आणि मी ती एसटीने येडगावला पोचवायची. घृणास्पद! पण तत्त्व सोडलं नाही. टेपा दोन काढतो. एक माझ्या बॅगेत, दुसरी भिकामामांच्या पिशवीत. आज पहिलाच दिवस. शेजारी शेजारी बसलो.
एसटी अर्ध्या वाटेत बंद पडली. दोघं मिळून धक्का मारला.