बिनबाह्यांचं जॅकेट

मंगळवार, ४ मार्च
जॅकेट झालं एकदाचं! काळं, बिनबाह्यांचं, कमरेत घट्ट. दिग्दर्शक बाईंना कागदावर काढून दाखवलं होतं, तेव्हा त्या "छान" म्हणाल्या होत्या. या सिनेमात नायिका एकटीच अख्खी टोळी लोळवते. पूर्वी माझ्या नायिका खांबाला बांधलेल्या असायच्या. दोर खुपू नये म्हणून आतून अस्तर लावलं की माझं काम संपलं.

नायिकेच्या वतीने उड्या मारणार आहे माझी भाची. ताईच्या मनाविरुद्ध मीच तिला या धंद्यात आणलं. जॅकेट घालून तिने हात वर-खाली करून पाहिले. "मावशी, कोपराच्या गाद्या कुठे बसवायच्या?"

उघड्या हातावर गादी लपवणार कशी? "जपून पड," म्हटलं.

गुरुवार, ६ मार्च
खलनायकाच्या माणसांचे कोट शिवले. जाडजूड, आत कोपरांना आणि पाठीला गाद्या. मार खाणारे गुबगुबीत आणि मारणारी उघडी! बाईंशी बोलावं असं वाटलं. पण बाई दिग्दर्शक झाली म्हणून काय, पोस्टरवर नायिकेचे दंड दिसायला हवेतच. इतकी वर्षं तेच चाललंय. कशाला तोंड घालायचं? पुढचा कोट शिवायला घेतला.

सोमवार, १० मार्च
पत्र्यावरून घसरत येऊन खाली उडी. पहिल्याच वेळी झकास. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाची उठलीच नाही.

डावं कोपर — नको, लिहवत नाही. सर्वांत आधी मी धावले. आणि काय केलं? रक्त जॅकेटला लागू नये म्हणून तिचा हात बाजूला धरला. तिने माझ्याकडे पाहिलं. सवयीने झालं, पण झालं ना. माझीच मला किळस येते.

मंगळवार, ११ मार्च
ऑपरेशन झालं. हात पूर्ण सरळ होईलच असं नाही, डॉक्टर म्हणाले. उड्या मात्र विसरा. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून होती.

निघताना ताई जिन्यात एवढंच म्हणाली, "बाह्या का नव्हत्या गं?"

"वरून तसा हुकूम होता," मी म्हटलं. तिने मान डोलावली. विश्वास बसला तिचा!

शनिवार, १५ मार्च
भाचीचे केस विंचरून दिले. एका हाताने जमत नाही तिला. म्हणाली, "तुझा काय दोष, मावशी? तू थोडीच ठरवतेस?" रिवाज तसा असला तरी कागदावर काढलं मीच, आणि दिसतही होतं ना मला! कंगवा फिरवत राहिले. पोरीचे केस किती मऊ आहेत.

बुधवार, १९ मार्च
तिच्या जागी एक पुरुष आलाय, लांब केसांचा टोप घालून. उरलेल्या मारामाऱ्यांसाठी त्याच्या मापाचं दुसरं जॅकेट हवंय. माप घेताना सहज म्हणाला, "बाह्या लावा, आत गाद्या बसवा. त्याशिवाय मी उडी मारत नसतो."

भीत भीतच बाईंकडे गेले.

"लावा की," त्या म्हणाल्या. "खरं तर पहिल्यालाही हव्या होत्या मला. पण तुम्ही एवढ्या अनुभवी — वाटलं, असंच असत असेल."