शेवंतीची वात

अहो,

वर 'प्रिय' लिहायला घेतलं आणि माझं मलाच हसू आलं. उभा जन्म 'अहो' म्हणण्यात गेला, आता या वयात 'प्रिय' काय? तेव्हा 'अहो'च बरं. नाहीतरी तुम्ही पहिल्या हाकेला कधी ओ दिली नाहीत. दुसरी मारेपर्यंत मी लिहून घेते.

आजच लिहायचं कारण सांगते. माझ्या पाठीवर गळू झालं होतं. मी आपली पोटीस लावत बसले, शेवटी सुनेने ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिरलं, पू काढला आणि आत कापडाची वात सारून तिचं टोक बाहेर ठेवलं. नर्स बजावून सांगत होती, "आजी, हे टोक लोंबतंय ना, ते ओढायचं नाही आणि कापायचं तर मुळीच नाही." आणि मी पालथी पडल्या पडल्या हसत सुटले! सुनेला वाटलं, औषध डोक्यात गेलं. तिला काय सांगणार? तुम्ही तिथे असतात तर मान खाली घालून खोलीबाहेर गेला असतात.

घरी येऊन पडले आणि सगळं आठवत राहिलं.

गिरणीच्या संपाचं ते पहिलं वर्ष आठवतं का हो? सुरुवातीला चाळीत सण असल्यासारखं होतं. गॅलरीत पत्ते, सभा, घोषणा. मग एकेका खोलीला कुलूप लागायला लागलं. कुणी कणकवलीला गेलं, कुणी देवगडला. तुमच्या आईचाही निरोप आला, गावाक येवा म्हणून. तुम्ही गेला नाहीत. उद्या भोंगा वाजला आणि आपण गावी असलो तर, हा तुमचा घोर. साच्यासमोर उभं राहून, कापड विणत आयुष्य काढलेला माणूस दिवसभर खोलीत बसला की त्या खोलीचं काय होतं, ते मी पाहिलंय.

तुमची ती छोटी कात्री! गिरणी बंद, पण कात्री खिशात. मुलांच्या शर्टाला, माझ्या पदराला, उशीच्या अभ्र्याला कुठे सूत लोंबताना दिसलं की लगेच कच्च. कापडाला लोंबता धागा राहिला तर ती खोट, आणि खोट दिसली की तागा परत येतो, हे तुम्ही मला शंभरदा ऐकवलंत. एकदा शेजारच्या काकूंच्या ब्लाउजच्या पाठीवरचा धागा कातरायला निघाला होतात. मी वेळीच हात धरला, म्हणून आपण त्या चाळीत नांदलो.

मग एक दिवस म्हणालात, काम मिळालंय. कसलं ते सांगायला तयार नाही. फार खोदून विचारलं तेव्हा म्हणालात, "गाडीखात्यात." मी म्हटलं, बरंय. पण लिदीचा वास लपतो का? रेल्वेच्या भिंतीलगत करीमचाचांचा तबेला होता. चौपाटीवर फिरणाऱ्या घोडागाड्या आणि वरातीचे घोडे तिथे असायचे. हे तुमचं गाडीखातं! साचेवाला लीद उपसतो हे बायकोला सांगायची लाज वाटली तुम्हाला. मला लाज नव्हती, राग होता. डबा कुठे पाठवायचा हेच कळत नव्हतं.

म्हणून मीच एक दिवस त्या वासाचा माग काढत डबा घेऊन आले. तुम्ही पाठमोरे होतात. एका तांबूस, कोवळ्या घोडीला खरारा करत होतात आणि तिच्याशी बोलत होतात, "शेवंती, गप उबी रव गो. शेवंती, शानी ती."

माझ्या हातातून डबा पडायचाच राहिला होता.

शेवंती म्हणजे मी. माहेरची. लग्नात तुम्ही तांदळाच्या ताटात अंगठीने 'सुनंदा' लिहिलंत आणि शेवंती त्या ताटातच संपली. तांदूळ सारखे केले, नाव गेलं. मुंबईत ते नाव एका तुमच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आणि तुम्ही मला कधी सुनंदा म्हणूनही हाक मारली नाहीत, सगळा संसार 'अगो'वर भागवलात. आणि ते माझं नाव देऊन टाकलंत कुणाला, तर घोडीला!

रात्री मी तुम्हाला फैलावर घेतलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "नाव रिकामा पडलेला. म्हटलं, कोनाच्या तरी उपेगाक येवंदे."

मी अबोला धरला. पण दुसऱ्या दिवशी डब्यात गुळाचा खडा जास्त ठेवला, तिच्यासाठी. नावाचा मान होता शेवटी.

त्या घोडीला वरातीसाठी तयार करायचं म्हणूनच चाचांनी तुम्हाला ठेवलं होतं. वाद्यांना बुजू नये, गर्दीत बिथरू नये, हे तिला शिकवायचं. बँडवाल्यांच्या गल्लीतून रोज फिरवून तुम्ही तिला ढोलाची सवयही केलीत. पण ट्रकचा टायर फुटण्याची सवय कोण करणार? तो आवाज झाला आणि ती उधळली ती थेट तबेल्याच्या फाटक्या पत्र्यावर. छातीला एवढी मोठी जखम, की माझी मूठ आत गेली असती. तुम्ही घरी आलात तेव्हा सदरा रक्ताने भरलेला, आणि एवढंच म्हणालात, "शेवंतीक लागला." क्षणभर मी स्वतःलाच चाचपलं, खरं सांगते.

परळच्या जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टर आले. तरुण होते, बोलणं गोड. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जखम धुतली, आत औषधाची लांब वात सारली आणि टोक बाहेर ठेवलं. तुम्हाला समजावून सांगितलं, की जखम तळापासून भरत वर आली पाहिजे. तोंड आधी मिटलं तर पू आत कोंडेल. वात घाण बाहेर काढते, मी येऊन बदलत जाईन, तुम्ही फक्त धूत राहा.

डॉक्टर गेल्यावर चाचा तुम्हाला म्हणाले, "छाती गई तो ना गाडी की, ना बारात की. फिर मेरे को बेचनाच पडेगा, सावंतभाई." कुणाला विकणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. लंगडं, जखमी घोडं खाटीकच विकत घेतो हे तबेल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. घोडी गेली की तुमचंही काम जाणार होतं. पण त्या रात्री तुम्ही जेवणाच्या ताटावरून उठलात ते कामासाठी नव्हे.

पुढचे दिवस तुम्ही तिथेच होतात. मीठ घातलेलं पाणी उकळून निववायचं, जखम धुवायची, माश्या बसू नयेत म्हणून कडेने कडुनिंबाचं तेल लावायचं. मुलांच्या तापात कधी पाण्याची पट्टी बदलली नसेल त्या माणसाने हे सगळं केलं! आणि जखमेचं तोंड लहान व्हायला लागलं. चाचा खूश. तुम्ही तर असे चालायला लागलात, जसा काही बोनसच मिळालाय. डॉक्टर बाहेरगावी गेले होते म्हणून वात बदलायचं लांबलं, पण तोंड मिटतंय म्हटल्यावर कुणाला फिकीर वाटली नाही.

मी डबा घेऊन आले तेव्हा मला वास आला. माझ्या नाकाची तुम्हाला नेहमी धास्ती असायची, ती उगीच नव्हे. शेवंतीने हरभऱ्याला तोंड लावलं नव्हतं. छाती सुजून टणक झाली होती आणि अंग तापलेलं. मी नीट पाहिलं आणि विचारलं, त्या वातीचं टोक कुठाय?

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग खाली पाहिलंत.

"कातरलंय."

"कित्या?"

"लोंबत होता."

अहो, तुम्ही तरी काय करणार होतात? खिशात कात्री, समोर लोंबतं सूत. हाताने डोक्याला विचारलंच नाही. जखमेलगत साफ कातरून टाकलंत, उरलेली वात आत सरकली आणि वरून कातडी मिटली. एकही खोट नसलेला तागा! आतमध्ये सगळं सडत होतं.

तुम्ही म्हणालात, दोन दिवस बघूया, उतरेल सूज. तुमचा चेहरा मला कळत होता. चाचांना सांगितलं तर काम जाईल. गिरणी गेली, आता हेही गेलं तर माणसाने कुठे तोंड दाखवावं? मला दया आली, पण तिथे शेवंती उभी थरथरत होती. मी म्हटलं, "ताग्याची खोट लपवल्यात तर तागो परत येता. ह्या जनावर परत येवचा नाय."

तुम्ही डबा तिथेच ठेवलात आणि आधी चाचांकडे गेलात, मग दवाखान्यात. मी त्या दिवशी तुमची पाठ बघत उभी होते. तुम्ही संपाच्या मोर्चात गेलात तेव्हा मला एवढा अभिमान वाटला नव्हता. हे तेव्हा सांगायला हवं होतं ना?

बाहेरगावाहून परतलेले डॉक्टर त्याच दुपारी आले. त्यांनी तोंड पुन्हा उघडलं तेव्हा जे बाहेर आलं ते लिहीत नाही, तुम्ही वर जेवत असाल तर. मी घमेलं धरून होते. तुम्ही तिचं डोकं छातीशी घट्ट धरलं होतंत आणि तिच्या कानात पुन्हा पुन्हा म्हणत होतात, "चुकलंय गो, शेवंती. चुकलंय."

मला जन्मात कधी 'चुकलं' म्हणाला नाहीत. ते म्हणालात तिला, माझ्या नावाने, आणि मी घमेलं घेऊन शेजारी! मी रडत होते ते वासाने, असं तुम्ही समजलात.

डॉक्टरांनी नवी वात घातली, टोक हातभर लांब ठेवलं आणि त्याला गाठ मारली. म्हणाले, ही गाठ रोज दिसली पाहिजे. चाचांनी फक्त हात पुढे केला. तुम्ही कात्री दिलीत. ती तबेल्याच्या दाराशी कोनाड्यात राहायला लागली. सकाळी आत जाताना ठेवायची, संध्याकाळी घरी येताना घ्यायची. काम गेलं नाही, कात्री तेवढी गेली.

मग शेवंती बरी व्हायला जो वेळ लागला तो लागला. आतून तांबडं, ओलं मांस दाण्यादाण्याने वर येताना तुम्ही मला बोलावून दाखवायचात. मला आधी किळस यायची, नंतर मीच विचारायला लागले, आज किती भरलं? मग तिला दादरच्या वाळूत हळूहळू चालवणं सुरू झालं. मीही यायचे. लग्न झाल्यापासून आपण कधी समुद्रावर फिरायला गेलो नव्हतो, ते घोडीच्या कृपेने घडलं. तुम्ही पुढे, शेवंती मध्ये, मागे मी. भेळ तिघांत.

आणि लालबागमधली ती पहिली वरात! छातीवरचा वण झालरीखाली झाकलेला, पुढे ढोल, वर नवरदेव, आणि लगाम धरून तुम्ही. बाहेर माणसं म्हणत होती, संप मिटणार, मिटणार. तो मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही. भोंगा पुन्हा वाजला नाही. पण त्या संध्याकाळी मला वाटलं, आपलं निभेल. आणि निभलं हो.

शेवंती म्हातारी झाल्यावर चाचांनी तिला गावाकडे नेलं. तबेला गेला, चाळ गेली, आपण वर टॉवरात आलो. तुम्ही तिचं नाव काढणंही सोडलंत.

पार शेवटी काढलंत. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं आणि एका दुपारी तुम्ही स्पष्ट हाक मारलीत, "शेवंती." मुलं एकमेकांकडे बघून हसली, डोळे पुसले. बाबांना घोडी आठवते बघ, म्हणाली. त्यांना कुठून माहीत, हे नाव आणखी कुणाचं आहे? तुम्ही पुन्हा हाक मारलीत. मी जवळ बसले आणि म्हटलं, "ओ. इलंय."

तुम्ही डोळे उघडलेत. "खंय हुतंस गो?"

कुठे होतीस, एवढंच. त्यानंतर काही बोलला नाहीत. वर्ष झालं, मी स्वतःलाच विचारतेय, ते तुम्ही कुणाला विचारलंत? तिला, की मला? तुमच्यापाशीच राहिलं हे उत्तर.

मुलं म्हणतात, आई, आता दुःख आवर. पण तुम्हाला वचन देते, पाठीची वात मी कातरणार नाही आणि मनातली ही दुसरीही नाही. लोंबू दे टोक. भरायचं ते आतून भरेल.

आणि आणखी एक. भेट होईल तेव्हा त्याच नावाने हाक मारा. ती तिथे चरत असेलच. मारा खुशाल. पण पहिल्या हाकेला ओ मी देईन, तिच्या आधी.

तुमची,
दोन पायांची शेवंती