विठूच्या हातात कोण

चैत्र शुद्ध १२, शके १८५४

विठू आला. थोरल्याचा मुलगा, माझा नातू. दासगावला बोटीतून उतरला, तिथून चालत. पायाला फोड, तोंडभर हसू, केस मुंबईचे. मी आधी मीठमिरची उतरवली, मग पाणी दिलं. उलटं झालं, होऊ दे.

गिरणी सोडायची म्हणतो. खोलीवर गावच्या सगळ्यांचं हाच रांधतो, ते खाऊन परळच्या एका खानावळवालीनं आचारी म्हणून बोलावलंय. पण याचं मन पक्कं होईना. "आजे, देवीचं जेवण मला रांधू दे. मग ठरवतो."

मी हरखलेच. आमचे हे जन्मभर गावजेवण रांधायचे. गेले तेव्हा विठू आईच्या पोटात होता.

चैत्र शुद्ध १४

धोंडू भावजींनी छेडलंच. "मुंबईचा आचारी. चाखल्याबिगर जमंल काय रे?" देवीच्या जेवणाची आमची रीत, नैवेद्य होईतो जिभेवर थेंब ठेवायचा नाय. मीठ वाफेवरून ओळखायचं. विठू सुकला. "खोलीवर मी सारखा चाखत असतो."

बायका तांदूळ निवडायला आल्या होत्या. शेजारच्या रखमाची सून काय गाते, पण ते राहू दे.

चैत्र पौर्णिमा

पंगती उठल्या, आता लिहायला बसले.

वालाची आमटी, मोठा हंडा. विठूनं वाफेत तोंड धरलं, डोळे मिटले, डावा खांदा उंच. हे आंब्यावरून पडले तेव्हापासून ह्यांचा खांदा तसा. विठू कधी पडला नाय. मग डाव हंड्याच्या काठावर दोनदा वाजवला. "मीठ झालं." आवाज सुद्धा ह्यांचाच...

पंगतीत पहिला घास गेला नि माना चुलीकडं वळल्या. धोंडू भावजी म्हणाले, "वहिनी, चुलीवर कोण हाय आज?"

"नातू हाय."

"नातू नाय तो," म्हणाले, आणि पुन्हा वाढून घेतलं.

मला तर माणूस घरी आल्यासारखं झालं. रडले पण सुखानं.

चैत्र वद्य १

मी खुशीत, हा भ्यालेला. खांदा दुखतो म्हणतो.

"आजे, डावाला माझा हात नव्हता. मी बाजूला उभा राहून बघत होतो."

म्हटलं, असू दे की. आजाच तो, परका थोडाच.

"तुला तुझा माणूस. मी त्याला पाहिला पण नाय."

दुपारी त्यानं पिठलं केलं, चाखत चाखत. बेचव. मी दोनदा घेतलं तरी त्याला कळलं. "खोलीवर जमायचं ते तरी कुणाचं, आजे? खानावळीत एखाद दिवशी तो आला नाय तर? नि रोज आला तर?"

शेवटचं बोलताना चुलीकडं पाठ करून बसला होता.

चैत्र वद्य २

सकाळी पोलादपूरला जाऊन बटाटे घेऊन आला. महाबळेश्वरचे. आमच्या चुलीवर बटाटा कधी शिजला नाय. मी एकदा महाडला लग्नात खाल्लाय. रताळं बरं.

"आजे, हे त्याला येत नाय ना?"

"नाय रे. त्यांनी पाहिला पण नसंल."

"मग तू बाहेर बस. दाराशी नको."

उद्याची बोट हाय. हे जमलं तर हात आपला, खानावळीत जायचं. नाय जमलं तर गिरणी, नि पुन्हा चुलीला शिवायचं नाय. असं ठरवलंय त्यानं.

मी ओट्यावर. देवीला काय मागू कळत नाय. पोराचं भलं व्हावं, दुसरं काय. पण मग हे त्या हातात पुन्हा यायचे नायत. आत्ता कुठं आले होते...

फोडणी पडली. वास चांगला हाय. ओळखीचा नाय.

बराच वेळ झाला, आत काय आवाज नाय.

"आजे, ये आत. मी चाखलेलं नाय. तू सांग."

जाते.